आत्ता कोणाला ऐकू येतंय?

स्टाफरूममध्ये वडे आले की वाटायचं काम तो करायचा. कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेच ते अंगावर घेतलं होतं. आम्ही सगळे टेबलाभोवती बसलेलो, मध्ये तेलाने आरपार दिसायला लागलेला कागद, आणि हा उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे वैद्यासारखा बघतोय.

"तू घावणे खाऊन आलायस. तुला अर्धा."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या खिशावर चटणी आहे. मॅडम, तुम्ही सकाळपासून प्रॅक्टिकल घेताय, तुम्हाला दोन. आणि तू," हे मला, "तुला मागच्या वेळी फुटका आला होता. आज पहिला तुझा."

"अरे, एकेक वाट ना सरळ! वडे आहेत, इस्टेट नाही."

"एकेक वाटायचा तर मी कशाला पाहिजे? शिपाई वाटेल."

सगळ्यांचं झालं की कागदावर उरलेला चुरा आणि तळलेली मिरची तो स्वतः घ्यायचा. कोणी अर्धा वडा पुढे केला तर म्हणायचा, "मी अँटेना आहे. अँटेना खात नाही." मग मिरची खायचा.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात आम्ही दोघं बरोबर लागलो आणि शेवटपर्यंत बरोबर राहिलो. तो बिनतारी संदेशवहन शिकवायचा. मीही तोच विषय शिकवायचो, पण पुस्तकात असतो तसा. त्याच्या वर्गात पहिलं वाक्य रोज एकच असायचं: "आत्ता कोणाला ऐकू येतंय?" ज्यांनी हात वर केले त्यांच्याकडे तोंड करून तो बोलायला लागायचा. थोड्या वेळाने थांबून पुन्हा तेच विचारायचा आणि या वेळी खिडकीकडच्या पोरांकडे वळायचा. मागच्या बाकावरचे झोपलेले त्याला चालायचे. म्हणायचा, "झोपलेल्यावर ताकद घालवायची नाही. पण त्याचं नाव विसरायचं नाही. जागा झाला की पहिला नंबर त्याचा." आणि खरंच, झोपलेला पोरगा डोळे चोळत उठला की हा धावत त्याच्या बाकापाशी जाऊन राहिलेलं सगळं त्याला एकट्याला सांगायचा. काही पोरं या सोयीसाठी मुद्दाम झोपायची.

त्याच्या प्रबंधाचा विषयही हाच होता. एका जागी अनेक अँटेना, समोर अनेक माणसं, प्रत्येकाची परिस्थिती क्षणाक्षणाला बदलणारी, आणि पाठवायची ताकद मर्यादित. तर ती कोणाला, केव्हा, किती द्यायची? आपण मोबाइल कानाला लावून भिंतीआड गेलो की आवाज तुटतो, दोन पावलं सरकलो की परत येतो. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येकाला ठरलेला सारखा वाटा देऊन ठेवणं हा आळशीपणा आहे. ज्याला या क्षणी चांगलं पोचतंय त्याला आत्ता भरभरून द्या, जो मागे पडलाय त्याची पाळी वर आणत राहा. शिवाय दोघं वेगवेगळ्या दिशांना असतील तर एकाच वेळी दोघांना द्या, फक्त एकाचं दुसऱ्याच्या कानात जाऊ देऊ नका. असं केलं तर शेवटी सगळ्यांनाच जास्त मिळतं. हे त्याने गणिताने सिद्ध केलं होतं. गणित मला समजायचं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे कधीतरी मी ते न समजल्यासारखं केलं.

दोघांना एकाच वेळी कसं द्यायचं, हे शिकवायला तो वर्ग कॉलेजमागच्या सुरूच्या बनात न्यायचा. चार पोरं ओळीत उभी करायचा, त्या अँटेना. लांब दोन टोकांना दोन पोरं, ती ग्राहक, म्हणजे ऐकणारी. मग अँटेनांनी अशा अंदाजाने टाळ्या वाजवायच्या की एका टोकाच्या पोराला चारही टाळ्या एकदम ऐकू याव्यात आणि दुसऱ्याला नुसती कालवाकालव. एकदा प्राचार्य खिडकीतून ओरडले, "काय चाललंय तिकडे?"

"लहरी, सर!"

"मला टाळ्या ऐकू येतायत!"

"एकदम येतायत की वेगवेगळ्या?"

प्राचार्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "वेगवेगळ्या."

"मग तुम्ही चुकीच्या खिडकीत आहात, सर. डावीकडच्या खिडकीत या."

आणि प्राचार्य गेले की डावीकडच्या खिडकीत! तिथे काय ऐकू आलं कोण जाणे, पण तिथून मान डोलावून ते आत गेले.

त्याच्या पुतणीच्या लग्नातली पंगत पाहिलेली माणसं अजून आहेत. वाढपाची व्यवस्था कोणीतरी बघा, असं त्याच्या भावाने म्हटलं आणि हा लगेच पुढे झाला. वाढप्यांनी ओळीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं, हा प्रकार त्याने पहिल्या पाच मिनिटांत बंद केला. स्वतः खुर्चीवर चढला आणि धोतराचा सोगा एका हातात धरून हुकूम सोडायला लागला.

"मठ्ठा तिसऱ्या रांगेत! कोपऱ्यातल्या काकांना भात नको, त्यांचा वेग मंदावलाय. जिलबी त्या निळ्या साडीवाल्या बाईंना, त्यांच्या पानात मघापासून जागा रिकामी आहे. अहो, तुम्ही नाही, तुमच्या मागच्या निळ्या!"

वाढपी मंडळी आधी वैतागली, मग त्यांना गंमत वाटायला लागली. जिलबीचं ताट घेऊन ते हॉकीच्या खेळाडूंसारखे धावत होते. पंगत नेहमीपेक्षा लवकर उठली, कोणाच्या पानात काही टाकलेलं नव्हतं, आणि सगळे तृप्त होते. एक माणूस सोडून. नवऱ्या मुलाच्या मामाला त्याच्या शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या पोरीनंतर जिलबी मिळाली होती. मामा हात धुऊन आले ते तणतणतच.

"आम्ही वरपक्ष आहोत, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. पण तुमच्या पानात श्रीखंड होतं."

"म्हणून काय झालं?"

"तुम्ही श्रीखंड खाल्ल्याशिवाय जिलबी घेतलीच नसती. मी बघत होतो."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मामा जास्त भडकले. त्याच्या भावाला संध्याकाळपर्यंत त्यांची मनधरणी करावी लागली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, "भावोजी, यांना कोणीतरी सांगा हो, माणसांना जिलबी नको असते, पहिली जिलबी हवी असते." आम्ही खूप हसलो. पण मी त्या दिवशी मनात एक गोष्ट पक्की केली: याच्या हातात मोठ्या माणसाचं पान कधी द्यायचं नाही.

आता आगरदांड्याच्या धक्क्यावरची हकीकत.

कॉलेजात प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एका खोलीत जुनी उपकरणं आणि त्यांच्यावर पाली. मुंबईहून एक मोठे अधिकारी येणार होते. त्यांना काम आवडलं तर नव्या प्रयोगशाळेला मदत मिळणार होती. त्याने ठरवलं, खोलीत काही दाखवायचं नाही, धक्क्यावर दाखवायचं. आगरदांड्याहून खाडीपलीकडे दिघीला फेरीबोट जाते, गाड्या आणि माणसं घेऊन. जाताना लांब जाते, मधेच वळते, तिच्यावरचा ट्रक कधी आड येतो, कधी बाजूला होतो. "याच्यापेक्षा चांगला बदलता ग्राहक मला कुठे मिळणार?" असं म्हणून तो लग्न ठरल्यासारखा खूश झाला.

धक्क्यावर खांबाला चार अँटेना लावल्या. ज्या लहरींना परवाना लागत नाही त्या वापरायच्या होत्या. चार ठिकाणी चार टीव्ही ठेवले: एक वड्याच्या टपरीवर, एक मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये, एक फेरीवर, आणि एक पाहुण्यांच्या मांडवात. चारही ठिकाणी एकच कबड्डीचा सामना दाखवायचा. मांडव बांधणाऱ्याने मांडव नेमका बर्फ ठेवायच्या पत्र्याच्या शेडमागे घातला, कारण तिथे सावली होती. सिग्नलसाठी त्याच्याइतकी वाईट जागा सगळ्या धक्क्यावर नव्हती.

"मांडव हलवू या का?" मी विचारलं.

"कशाला? अधूनमधून अडकेल, मग भरून निघेल. तेच तर दाखवायचंय."

तो स्वतः फेरीवर गेला. संगणकाशी मी बसलो.

नारळ फुटला, हार झाले, साहेब सोफ्यावर बसले, सामना सुरू झाला. टपरीवर बघ्यांची गर्दी झाली. लिलावाच्या शेडमधल्या बायकांनी बोली थांबवली. आणि मांडवातल्या टीव्हीवर चढाई करणारा एक गडी पाय हवेत उचललेला असताना गोठला. दोन-तीन श्वासांपुरताच. मग चित्र पुढे गेलं, अगदी त्याने सांगितलं होतं तसं. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"हे असंच अडकत राहणार का?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लग्नातला मुलाचा मामा आठवला.

मी काय केलं, ते स्वच्छ लिहितो. मी पाठवायच्या ताकदीतला निम्मा वाटा मांडवासाठी कायमचा राखून टाकला. एक ओळ टाइप केली. बाकीच्या तिघांमध्ये उरलेला निम्मा. मांडवातलं चित्र लगेच पाण्यासारखं वाहायला लागलं. साहेब मागे टेकले. त्यांना चहा गेला.

फेरी तेवढ्यात खाडीच्या मध्यावर वळत होती. माझा फोन वाजला. मागे माणसांचा गलका.

"अरे, मी अडकलोय. गडी मघापासून पाय वर करून उभा आहे."

फोनमध्ये कोणा बाईचा आवाज आला, "सर, तुमचा गडी लंगडी घालतोय का काय?" आणि एक म्हातारा ओरडला, "औट तरी द्या त्याला! बिचाऱ्याचा पाय दुखत असल!" सगळी फेरी हसली. तोही हसला, पण मग गंभीर झाला.

"ताकद कुठे जातेय, बघ. मी एवढा मागे पडलोय, तर माझी पाळी वर यायला हवी. येत का नाहीये?"

साहेब माझ्यापासून दहा हातांवर होते.

"इथे सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

"तू काही हलवलं नाहीस ना?"

"नाही."

"मग काय होतंय?"

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पाण्याचं काहीतरी असेल."

साहेबांनी भाषणात सांगितलं, की चित्र अतिशय स्वच्छ दिसलं, आणि ग्रामीण भागात असं काम होतंय याचा त्यांना अभिमान वाटतो. मदत मिळाली. प्रयोगशाळा झाली. कार्यक्रम संपल्यावर मी संगणक बंद केला तेव्हा ती ओळही गेली. कुठे तिची खूण राहिली नाही. राहिला तो फक्त फेरीचा आलेख, मध्यावर दरीसारखा खचलेला.

तो आलेख त्याने प्रबंधातून काढून टाकावा, असं त्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं. बाकी सगळं जुळत होतं, एका फेरीसाठी कोण अडवणार? तो म्हणाला, "जे झालं ते झालंय. त्याचं कारण सापडलं की देतो." आणि तयार प्रबंध परत घेऊन आला. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण मदत नुकतीच मंजूर झाली होती, आणि ती एका खोट्या चित्रावर मिळाली होती. पुढच्या वर्षी उपकरणं आली, मग विचार केला की आता कशाला. मग मीच त्या प्रयोगशाळेत बसून एक बिनधोक विषय घेऊन डॉक्टरेट केली आणि पुढे विभागप्रमुख झालो. न बोलण्याची सवय होते, ती अशी.

वाईट याचं नाही की तो दुःखी झाला. तो दुःखी झालाच नाही. तो पाण्याच्या मागे लागला.

दर शनिवारी संध्याकाळी स्कूटरवर वहिनीला मागे बसवून, तिच्या मांडीवर उपकरणांची पेटी आणि पेटीवर चहाचा थर्मास, अशी स्वारी आगरदांड्याला जायची. भरतीला मोज, ओहोटीला मोज. पाण्यावरून लहर कशी परतते, फेरीचं लोखंड ओलं असताना काय होतं, ट्रकमध्ये बर्फ असेल तर फरक पडतो का. एकदा त्याला लिलावाच्या शेडच्या गंजलेल्या पत्र्याचा संशय आला, तर याने शेडवाल्याची परवानगी काढून तो पत्रा स्वतः रंगवला. बायका खालून सूचना करत होत्या.

"सर, तो कोपरा राहिला!"

"सर, हिरवा न्हाय, निळा लावायचा व्हता!"

"रंगाने लहरींना काही फरक पडत नाही, मावशी!"

"लहरींना न्हाय, आमाला पडतो!"

पुढच्या शनिवारी त्याने निळा लावला.

मीही त्याच्याबरोबर जायचो. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. धक्क्याच्या कडेला उभं राहून मी दोरीचं टोक धरायचो आणि तो खाली उतरून पाण्याची पातळी मोजायचा. जी चूक माझ्या बोटांनी झाली होती ती तो खाडीत शोधत होता, आणि त्याच्या शोधात मी त्याला मदत करत होतो. तो वर येऊन ओल्या हातांनी माझ्या पाठीवर थाप मारायचा. "पाणी फार हुशार आहे, बरं का! सापडत नाही." वहिनी थर्मासच्या झाकणातून चहा द्यायची. संध्याकाळ छान असायची. मला तो चहा गिळवायचा नाही, आणि दर वेळी मी तो प्यायचो.

निवृत्तीनंतर ती दोघं श्रीवर्धनला गेली. तिथे त्याने सुपारीची छोटी वाडी घेतली. झाडांना पाणी द्यायचीही त्याची तीच पद्धत. शेजारचे वाडीवाले ठरलेल्या वेळी पंप लावतात, हा प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बोट घालून ओल बघतो आणि त्याप्रमाणे पाट वळवतो. वहिनी म्हणते, "पोफळींनाही विचारतात, काल किती प्यायलीस म्हणून." सुपारी मात्र इतरांएवढीच येते. हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, "पण पाणी किती कमी लागलं ते बघ ना!"

गेल्या वर्षी कॉलेजने स्मरणिका काढायचं ठरवलं. प्रयोगशाळा कशी उभी राहिली, ते मी लिहावं, असं पत्र आलं. सोबत मुलांनी तयार केलेला मजकूर होता, नुसता तपासून द्यायचा. त्यात लिहिलं होतं, की धक्क्यावरचं प्रात्यक्षिक माझ्या मार्गदर्शनाखाली यशस्वी झालं. त्याचं नाव 'साहाय्य' या मथळ्याखाली होतं, मांडववाल्याच्या वर. मी पेन उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीने दिघीला उतरून एसटीने श्रीवर्धन गाठलं.

तो वाडीत होता, हाताला चिखल. मला बघून इतका आनंदला की मला परत जावंसं वाटलं. ओटीवर बसलो. वहिनीने पाणी दिलं. प्रस्तावना केली असती तर धीर सुटला असता, म्हणून मी सरळ सांगितलं: त्या दिवशी मी मांडवासाठी ताकद राखून ठेवली होती. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. पाण्याचं काही नव्हतं.

 वहिनीच्या हातात तांब्या तसाच.

"किती?" तो म्हणाला.

"काय किती?"

"किती राखलीस? पाव? निम्मी?"

"निम्मी."

"कायमची? की पाळीने?"

"कायमची. फेरी वळायच्या जरा आधी."

तो उठला. हात न धुता आत गेला आणि परत आला तो खडू घेऊन. ओटीच्या शहाबादी फरशीवर बसला आणि लिहायला लागला. मी माफीचं काहीतरी पुटपुटलो, तर डाव्या हाताने गप्प राहायची खूण केली. फरशी भरली तसा तो मागे सरकत पायरीपर्यंत गेला. मग त्याने एक रेघ ओढली. मध्यावर खचलेली, दरीसारखी. तीच. मला ती पाठ होती, आणि त्यालाही.

"जुळलं!" तो ओरडला. "अगं, जुळलं! ही बघ, ही दरी! निम्मी काढून घेतली तर इथेच यायला पाहिजे! माझं गणित बरोबर होतं!" आणि हा माणूस, सत्तरीला टेकलेला, पायरीवरून खाली उडी मारून अंगणात गेला आणि शेजारच्या वाडीकडे तोंड करून पुन्हा ओरडला, "बरोबर होतं हो!" शेजाऱ्याने पंपाच्या आवाजात विचारलं, "काय?" याने सांगितलं, "सगळं!" शेजाऱ्याने हात हलवला.

मला हुंदका आला. तो परत येऊन माझ्याशेजारी बसला, धापा टाकत, चेहरा उजळलेला.

"मी सगळं धरलं होतं रे," तो म्हणाला. "पत्रा धरला होता, ट्रक धरला होता, भरती धरली होती. घाबरलेला मित्र धरला नव्हता."

"मला माफ कर."

"ते होईल. आधी सांग, ती ओळ टाकताना तुला मांडवातलं चित्र कुठल्या क्षणी सुधारलेलं दिसलं?"

पण वहिनी खडूच्या आकड्यांमध्ये पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत पुढे आली होती.

"भावोजी," ती म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं दर शनिवारी त्या धक्क्यावर बसून खारा वारा खाल्ला, तो फुकट?"

मी आकड्यांवरून पाय मागे घेतले.

"माझ्या भाच्याचं लग्न चुकवलं मी एका भरतीपायी. तुम्ही दोरी धरून उभे होता तिथे."

"हो, वहिनी."

"अगं, जाऊ दे," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुमचं गणित जुळलं, माझं नाही जुळलेलं." ती आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. मग चहा घेऊन आली आणि कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "घ्या. मी रागावलेय, हे लक्षात ठेवून घ्या."

तो चहा मात्र मला नीट गिळता आला.

चहा पिता पिता तो म्हणाला, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आता नव्याने लिहायला घ्यायचं. मी म्हटलं, या वयात विद्यापीठ काय म्हणेल? तो म्हणाला, "विद्यापीठाला मी विचारलंय कुठे? मला प्रकरण पूर्ण करायचंय. पुढचं पुढे." पण त्याचे डोळे आता लवकर दमतात आणि टाइपही तो एका बोटाने करतो. यावर तोडगा वहिनीने काढला.

"हे सांगतील, भावोजी टाइप करतील. दर शनिवारी यायचं. एवढ्या वर्षांच्या आमच्या संध्याकाळी गेल्या, आता थोड्या तुमच्या जाऊ देत."

तेव्हापासून दर शनिवारी मी जातो. स्मरणिकेच्या लोकांना मी त्यांचा मजकूर परत पाठवला आणि त्याऐवजी हे लिहायला घेतलं. कल्पना त्याची होती, गणित त्याचं होतं, प्रात्यक्षिक त्याचं होतं, आणि ते फसलं नव्हतं. ते मी फसवलं. प्रयोगशाळेचं आज जे काही नाव आहे ते त्याच्यामुळे आहे.

प्रकरण जवळजवळ झालंय. त्याला ते इतकं आवडलंय की जुनं गणित सोडून तो नवीन वाढवत बसतो. कोणी मध्येच येऊन मोठा वाटा अडवून बसला तर बाकीच्यांना त्यातल्या त्यात कसं सांभाळायचं, यावर त्याने एक आख्खा नवा भाग घातलाय. सांगताना उत्साहाने उठून उभा राहतो, ओटीवर फेऱ्या मारतो, मला "थांब, थांब, हे खोड" म्हणतो, आणि खोडलं की "का खोडलंस?" म्हणतो. आम्ही खूप भांडतो. बऱ्याच वर्षांनी मी इतका हसलोय.

गेल्या शनिवारी आम्ही त्या वाक्यापाशी आलो. त्याने सांगितलं, "लिही: प्रात्यक्षिकाच्या वेळी एका सहकाऱ्याने निम्मी ताकद एका ग्राहकासाठी राखून ठेवल्यामुळे..."

"एका सहकाऱ्याने नाही," मी म्हणालो. "माझं नाव घाल."

"नाव कशाला? गणिताला नाव लागत नाही."

"मला लागतं."

"तू उगाच शूर व्हायला बघतोयस. 'सहकाऱ्याने' लिही."

"नाही लिहिणार."

"टंकलेखकाने ऐकायचं असतं!"

ओटीच्या दुसऱ्या टोकाला वहिनी अडकित्त्याने सुपारी कातरत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"नाव घाला, भावोजी," ती म्हणाली. "फक्त पुढे 'डॉक्टर' लावू नका."

तो माझ्याकडे बघायला लागला, हसावं की नाही या विचारात. मी चष्मा पुसला आणि माझं नाव टाइप केलं. नुसतं.